कोपऱ्यातली चांदणी

१२ जून

ती. मामांस, सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण नोकरी सोडत होते. रागावू नका, तीही मला सोडणारच होती. सध्या चार सिनेमावेड्यांबरोबर एका शिंप्याच्या माळ्यावर राहते. शिंपी फार गोड आहे, काल माझ्या बाह्या... ते असो.

बंद पडलेल्या थिएटरातून आम्ही एका जुन्या सिनेमाची प्रिंट मिळवलीय. बहुधा शेवटचीच उरलेली. रिळांचा वास असा आंबट की सगळे नाकाला रुमाल बांधून बसतो. एकेक चित्र संगणकावर उतरवायचं आणि ओरखडे पुसायचे.

काल एका रिळाच्या शेवटी, वरच्या कोपऱ्यात, चांदणी दिसली. टाचणीनं कोरलेली, एका पायानं लंगडी. पुढच्या रिळासाठी मशीन बदलायची वेळ कळावी म्हणून ऑपरेटर खूण करतात, पण ती गोल, असं बाकीचे म्हणाले. मी खुर्चीवर चढून नाचले. तुमच्या छत्रीवर, डब्यावर, चपलेवर हीच लंगडी आहे. मामा, ही प्रिंट तुम्ही चालवलीय.

महिनाअखेरीच्या रविवारी खेळ आहे. आमचा म्होरक्या म्हणतो, खुणाही पुसायच्या. मी भांडतेय. तुम्ही सांगाल ते करू.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
भटकभवानी

१५ जून

चि. भटकभवानीस, अ. आ.

नोकरीचं वाचून मी दचकलो नाही. चांदणी माझीच, गोल ठिपका माझ्या नजरेतून सुटायचा. पण सगळ्या पूस. ऑपरेटर आहे हे प्रेक्षकाला कळलं की त्याचं काम फसलं. हे मामीला सांगितलं, तर ती फणकाऱ्यानं आत गेली. काय बिनसलं कोण जाणे.

जेवत जा. आमची आठवण ठेवावी.

तुझा मामा

ता. क. बाळे, यांच्या पाकिटात चोरून लिहितेय. तो सिनेमा मी इतक्यांदा पाहिला की मैत्रिणींना वाटे, हिरोवर भाळले. मी तो कोपरा बघत बसायचे. शेवटची चांदणी आली की यांची मशीन बदलायची कटकट संपायची, मग अंधारात खाली येऊन माझ्या शेजारी बसायचे. सिनेमाचा शेवट मला अजून माहीत नाही. बाकीच्या पूस हवं तर, ती एक राहू दे. – मामी

१९ जून

ती. मामीस, सा. न. वि. वि.

तुझ्या चार ओळी म्होरक्याला वाचून दाखवल्या. मग तो दिवसभर त्या शेवटच्या चांदणीभोवतीची धूळच तेवढी टिपत बसला.

दोघं नक्की या. तुझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहील. नवं यंत्र दाखवतो म्हणून मामांना आम्ही मागे उभं करणार आहोत. चांदणी चमकली की त्यांचे पाय आपोआप खाली वळतील, अशी मी पैज लावलीय. त्यांना सांगू नकोस.

सिनेमाचा शेवट बघायचाच असेल, तर संध्याकाळी दुसरा खेळ आहे.

जीव आहेच तुमचा, तो असाच लावून ठेवा.

तुझी,
भटकभवानी