संध्याकाळचा डबा

उज्जैन,
१६ जुलै २०२५

ती. स्व. माणिकआत्यास,
मृण्मयीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू विचारतेस आणि मी नुसती हो-हो करते, म्हणून लिहितेय. लिहिताना कोणी बघत नाही ना.

ओपन स्कूलची दहावी द्यायची म्हणून मैत्रीण गौरीने मला मोबाइलमधून बघून टाइम-टेबल करून दिलं. पाचला उठणं, साडेपाचला नळ, सहाला बाबांचा डबा (त्यांची रेल्वेची ड्यूटी लवकर असते), मग होस्टेलच्या सहा दीदींचे डबे, मग गणित. पंधरा-पंधरा मिनिटांचे खाने. तीन दिवस एकदम मस्त चाललं. परवा सोमवारी पाच वाजता संध्याकाळचे डबे सायकलला टांगून निघाली, तर पुढे सगळे रस्ते बंद. देवाची पालखी निघालेली, श्रावण-सोमवारची सवारी! मी आपलं तू पाठवलेलं मराठी कॅलेंडर बघत बसलेली, त्यात श्रावण पंचवीस तारखेला लागतो. इथला तर लागून पण गेला. गर्दीत सायकल धरून उभी राहिली, ना पुढे ना मागे. आठला पोचली तेव्हा दीदी बिस्किटं खाऊन बसलेल्या. घरी आली तर बाबांची बीपीची गोळी राहिलेली, गणित राहिलेलं. टाइम-टेबल फाडून टाकलं.

नववीत आई आजारी पडली म्हणून शाळा सोडली, त्याचं मला काही वाटलं नाही. पण हे डबे तिने सुरू केलेले, ते बिघडले तर कसंतरीच होतं. तिच्याकडून सगळं व्हायचं गं. डबे, घर, आणि वरून संध्याकाळी मला राम घाटावर न्यायची. आम्ही पाण्यात पाय सोडून बसायचो, तिला कसली घाईच नसायची. माझ्याकडून अर्धं पण होत नाही. फॉर्मची शेवटची तारीख एकतीस आहे. वाटतं, भरूच नये.

बाबा बरे आहेत. माया पातळ करू नकोस.

तुझी,
मृण्मयी


ग्वाल्हेर,
२१ जुलै २०२५

चि. मृण्मयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

उज्जैनची पोरगी आणि सवारी विसरली! वर दोष माझ्या कॅलेंडरला! वाचून इतकी हसले की शेजारच्या अपर्णाबाई विचारायला आल्या. मग पुढचं वाचलं आणि हसू गेलं.

तुझ्या आईकडून सगळं व्हायचं, हे तुला कोणी सांगितलं? मी माहेरपणाला यायची तेव्हा पलंगामागे धुतलेल्या कपड्यांचा ढीग असायचा, पार खिडकीपर्यंत. कोणी आलं की मीरा तो पायाने आणखी आत ढकलायची. मी तिला बोलायची, खोटं कशाला सांगू. नणंद होते, बोलणारच. एकदा म्हटलं, कपडे तसेच ठेवून घाटावर काय निघालीस? तर म्हणाली, ताई, दूध नासतं, माणूस रुसतो, कपडे बिचारे कुठे जातात? आणि तुझं बोट धरून गेली सुद्धा. तू चार वर्षांची असशील. पायात एक चप्पल लाल, एक निळी. तिलाही दिसलं नाही, तुलाही नाही. मला दिसलं, पण मी रागात होते, सांगितलं नाही.

माझं घर तेव्हा आरशासारखं असायचं. आता विचार करते, तर त्यातली एक संध्याकाळ आठवत नाही मला. आठवतो तो तुमचाच घाट, आणि तिथे मी आलेच नव्हते.

बेटा, तारीख गेली की फॉर्म पण नासतो. मग पलंगामागे काय ढकलायचं ते तूच ठरव. गोळीचं श्रीपादला मी फोनवर बजावलंय. पन्नाशीचा घोडा, स्वतःची गोळी स्वतः घेईल.

तब्येतीला जप, आणि या म्हातारीवर जीव असू दे.

तुझी,
माणिकआत्या


उज्जैन,
३० जुलै २०२५

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पलंगामागचा ढीग मला खरंच आठवत नव्हता. बाबांना विचारलं, तर ते आधी हसले, मग चष्मा पुसत बसले. म्हणाले, एकदा त्यातून त्यांचा ड्यूटीचा शर्ट काढता काढता गाडीची वेळ झालेली.

कपडे ढकलून भागलं नसतं. खूप विचार केला. सकाळचे डबे चालू राहतील, संध्याकाळचे बंद. बाबा म्हणाले, आईचे होते म्हणून ओढत बसू नको, ती असती तर तिने कधीच बंद केले असते. पण दीदींना सांगायचं कोणी? दोनदा होस्टेलच्या गेटपर्यंत गेली, दोनदा डबे देऊन गुपचूप परत आली. शेवटी काल सहा चिठ्ठ्या लिहिल्या. एक तारखेपासून संध्याकाळचा डबा नाही मिळणार, माझी दहावी आहे, सॉरी. प्रत्येकीच्या पोळ्यांवर एक-एक ठेवली आणि सायकल अशी पळवली की बस.

वाटलं, सकाळचे पण बंद करतील.

आज दुपारी फॉर्म भरून आली. संध्याकाळी डबे पोचवून कालचे रिकामे परत आणले, ते घासायला काढले. एकेक उघडला, तर सहाच्या सहा घासलेले, पुसलेले. आजपर्यंत एकीने कधी खरकटं पण काढलं नव्हतं गं. मोरीपाशी तशीच बसून राहिली. करायला काही कामच नव्हतं, म्हणून तुला लिहायला घेतलं.

आशीर्वाद असाच पाठवत राहा.

तुझी,
मृण्मयी