धानावरची ताडपत्री

जोधपूर

आईले दामिनीचा लांबूनच नमस्कार.

मी बरी आहे. खानावळीत आता भातही मिळते, काळजी नको करू.

काल मी माझ्या वर्गातल्या पोरायले हवाई दलाचा सराव पाहाले नेलं होतं. आपली अन् फ्रान्सची विमानं पंखाले पंख लावून उडून राहिली होती. पोरं टाळ्या वाजवत होती.

मग एक विमान डोक्यावरून असं गेलं का जमीन हादरली. माझ्या तोंडून एकदम निघालं, "धान झाका!" पोरं हसली. या वाळवंटात धान कुठलं? मीही हसली.

कारखान्यात स्फोट होऊन बाबा गेले, त्या दिवशी असाच आवाज आला होता. "आभाळ गरजलं, धान झाका," तू म्हणाली. मी अन् लहान्या कैलाशनं अंगणातल्या धानावर ताडपत्री टाकली, कडेनं दगड ठेवले. "अजून दगड आणा," तू म्हणे. फोन येईपर्यंत आम्ही दगडच आणत राहिलो.

कैलाश नीट जेवते ना? त्याच्यावर रागावू नको.

काल मी वर पाहिलं, आई. आभाळात एकही ढग नव्हता. त्या दिवशीही नव्हता.

तुले तवाच समजलं होतं ना?

तुझीच,
दामिनी