मॅनेजरची हजेरी

१ मे, गुरुवार. सकाळी ६.५०
कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर होताना हजेरीचं एक कोरं मस्टर घरी आणलं होतं. आजपासून त्यात रोजनिशी. शिस्त म्हणजे शिस्त. चौतीस वर्षं मी लोकांचे उशीर मांडले. माझा स्वतःचा एकदाही मांडला गेला नाही. (मांडणारा मीच होतो.)

पहिली नोंद: मॅनेजर गैरहजर.

मॅनेजर म्हणजे आमचा लॅब्रेडॉर. अनीशने पिल्लू आणून दिलं तेव्हा नाव ठेवायचा मान मला मिळाला. ‘मॅनेजर, खाली बस’ असं कुणाला तरी म्हणायची नोकरीभर इच्छा होती. सात वर्षं हा रोज सहाच्या ठोक्याला ओट्यावर उडी मारतो, माझ्या झोपाळ्याशी बसतो, मी त्याला चहातलं बिस्किट देतो. आज अंगणातच उभा राहिला आणि नुसता वर बघत होता. कारण: उकाडा.

गोदू म्हणाली, मागचा पाय आखडतोय त्याचा. बायको म्हणून गोदू उत्तम आहे, पण निरीक्षण कमी.

४ मे, रविवार
पुण्याहून अनीशचा व्हिडिओ कॉल. नेमका तेव्हाच मॅनेजर उठला. हल्ली तो हप्त्याहप्त्याने उठतो. आधी पुढचा भाग, मग थोडा विचार, मग मागचा भाग. अनीशने विचारलं, बाबा, सांध्यांचं सप्लिमेंट सुरू केलंत का? गेल्या वर्षीच म्हणालो होतो. मी म्हटलं, योग्य वेळी करू. सप्लिमेंट म्हाताऱ्यांना लागतं. सात वर्षं हे काय वय आहे? मागून सूनबाई आश्लेषा म्हणाली की लॅबची सात म्हणजे माणसाची पन्नाशी.

मग मी तर सहासष्टचा आहे! एक गोळी घेत नाही. फोन ठेवून ताडकन उठलो. उठताना ‘आई गं’ म्हणालो, ती सवय आहे.

९ मे, शुक्रवार
अनीशच्या समाधानासाठी मॅनेजरला हर्षदकडे नेलं. हा हर्षद चड्डीत असताना आमच्या वाडीतले जाम चोरायचा, आता जनावरांचा डॉक्टर आहे. त्याने पाय वाकवून बघितले, वजन केलं. एकोणचाळीस किलो. बत्तीस हवं, म्हणाला. एवढ्या मोठ्या जातीच्या कुत्र्याला पाचव्या-सहाव्या वर्षीच सुरू केलेलं बरं, काका. लंगडायची वाट बघायची नसते. आता तरी लगेच सुरू करा, फरक दिसायला सहा ते आठ आठवडे जातात. आणि बिस्किटं बंद.

वेळेबद्दल टाइम ऑफिसच्या माणसाला शिकवतोय! चिठ्ठी घेतली आणि नीट ठेवायला गोदूकडे दिली. तिने विचारलं, उद्या अलिबागला जातेय तर आणू का? स्पष्ट सांगितलं, नाही. आधी मी अभ्यास करीन, मग तारीख ठरवीन.

गोदू ‘बरं’ म्हणाली. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तिने माझा शब्द कधी मोडला नाही. मी काही म्हटलं की ती ‘बरं’ म्हणते.

१२ मे, सोमवार
मॅनेजर गैरहजर. अभ्यास सुरू. (पेपर वाचताना डोळा लागला.) गोदू शनिवारी अलिबागला जाऊन आली. चप्पल शिवायला गेले होते म्हणाली. चप्पल तशीच तुटकी आहे. विसरभोळी झाली आहे.

२५ मे, रविवार
सप्लिमेंटची तारीख ठरली: १ जून. उद्यापासून करता आलं असतं, पण मग अमावस्या येते.

१ जून, रविवार. सकाळी ११
विचार बदलला. गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा. आधी नैसर्गिक उपाय. आमच्या वाडीत नारळ-सुपारी उतरवणारा काळूराम म्हणाला, भाऊ, उंडीचा तेल लावा, माझ्या आजाला चालता येत न्हवता, तो तेलान झाडावर चढला. बाटली घेऊनच आला होता. मॅनेजरला मागून दोन्ही बाजूंनी चोळला. त्याने अर्धं तेल चाटायचा प्रयत्न केला, उरलेलं सोफ्याला पुसलं.

दुपारी ३. सोफा अंगणात.

१२ जून, गुरुवार
नवी कल्पना. ओट्याला रॅम्प! जुनं दार तिरकं टाकलं आणि वर पोफळीच्या विऱ्या, झावळीच्या बुडाची ती रुंद सालं, अंथरल्या, म्हणजे पंजाला मऊ. विरी ओली झाल्यावर किती घसरते याचा विचार गरजेचा होता. सुरक्षिततेसाठी आधी स्वतः चढून पाहिलं. वरून खालपर्यंत यायला फार वेळ लागला नाही. मॅनेजर बाजूला बसून सगळं बघत होता. रॅम्प पास, फक्त विऱ्या काढायच्या.

माझा उजवा गुडघा किंचित मोठा दिसतोय. उजेडामुळे असेल. गोदूने त्याला उरलेलं उंडीचं तेल लावलं आणि विचारलं, तुमचंही एकदा दाखवायचं का? म्हटलं, मला काय झालंय? योग्य वेळी बघू.

‘बरं’ म्हणाली.

१८ जून, बुधवार
गोदूने मोहरीला नवा पांढरा डबा काढलाय. घट्ट झाकण, छान आटोपशीर. स्वयंपाकघरात हल्ली शिस्त दिसते. माझ्या मस्टरचा परिणाम.

बिस्किटांचा डबा मात्र तिने वरच्या फळीवर ठेवला. मुंग्या होतात म्हणे. मॅनेजरचा भातही निम्मा केलाय. मी आजाऱ्याला उपाशी मारू नकोस म्हणालो. फक्त संध्याकाळी त्याला तूप लावलेला भाकरीचा एक तुकडा स्वतःच्या हाताने भरवते. लाडाने कुत्री बिघडतात, हे तिला कोण सांगणार.

२२ जून, रविवार
वाईट दिवस. अनीशने व्हिडिओ कॉलवर मॅनेजरला अंगणातून ओट्याकडे बघताना पाहिलं. म्हणाला, बाबा, मी तुमच्यावर रागवत नाहीये, पण गणपतीला येईन तेव्हा तो असाच असेल तर त्याला पुण्याला घेऊन जाईन. इथे लिफ्ट आहे, चांगला डॉक्टर आहे, पाण्यात पोहवून व्यायाम करून घेणारं सेंटर आहे.

मी म्हटलं, पाणी इथे थोडं आहे का? सबंध समुद्र आहे. तो हसला नाही.

मॅनेजर गेला तर सकाळी सहाला मी कुणासाठी उठायचं? गोदू साडेसहाला उठते. मधला अर्धा तास सात वर्षं त्याचा आणि माझा आहे. अनीश लहान होता तेव्हा मी शिफ्टमध्ये, रिटायर झालो तेव्हा तो पुण्यात. जाताना हा ठेवून गेला. आता यालाही न्यायचं म्हणतो. खोटं कशाला लिहू, जेवण गेलं नाही.

निर्धार: गणपतीपर्यंत मॅनेजर उडी मारणार. पासष्ट दिवस आहेत. उद्यापासून कडक प्रोग्रॅम.

२९ जून, रविवार
कडक प्रोग्रॅम आजपासून. (मधे पाऊस होता.) आमच्या थळच्या किनाऱ्यावरून ओहोटीला पाच किलोमीटर चालणे. साधारण चारशे मीटरवर मॅनेजरला दम लागला म्हणून ओढून ठेवलेल्या होडीला टेकून बसलो. मॅनेजर उभाच होता, पण दमलेला माणूस कधीकधी बसत नाही. काळूरामच्या पुतण्याच्या टेम्पोतून परत. मॅनेजर टेम्पोत स्वतः चढला. मला दोघांनी वर घेतलं, कारण टेम्पो उंच होता.

५ जुलै, शनिवार
अखेर सापडलं. वाळूचा शेक! किनाऱ्यावरची वाळू आणून कढईत भाजायची, जुन्या उशीच्या अभ्र्यात भरायची आणि कमरेवर ठेवायची. पावसाळ्यात वाळू ओली मिळते, त्यामुळे भाजायला दीड तास लागला. कढई गोदूची चांगली होती. काळूराम दारात येऊन म्हणाला, भाऊ, शेंगा कुठं हायेत? अडाणी माणूस.

मॅनेजर पिशवीला टेकून घोरला.

८ जुलै, मंगळवार. सकाळी ६.०५
रिझल्ट!! मॅनेजर एका दमात उठला. हप्ते नाहीत, विचार नाही. रॅम्पवरून ओट्यावर आला आणि झोपाळ्याशी बसला. तीन दिवसांत! हर्षद म्हणत होता आठ आठवडे. हजेरी दोनदा लावली. बिस्किट काढायला फळीपर्यंत हात पोचला नाही, म्हणून नुसतं डोकं खाजवलं. त्याला चाललं.

या उपायाला ‘भाऊ पद्धत’ असं नाव दिलं आहे.

२० जुलै, रविवार
मॅनेजर सलग तेरा दिवस हजर. वजन चौतीस. निम्मा भात नाही, वाळू. वाळू ओलावा ओढते, शरीरातलाही ओढत असणार.

मीही गुडघ्याला शेक घेतो. जिना चढताना आता एकदाच थांबतो. गोदू सकाळी नाचणीचं सत्त्व देते, त्याला हल्ली संत्र्याची चव येते. विचारलं तर म्हणाली, नाचणी नवीन आहे. जिऱ्याच्या डब्याशेजारी ओव्याला तसलाच पांढरा डबा आलाय. कुठून आणते कुणास ठाऊक. सेट असावा.

९ ऑगस्ट, शनिवार
नारळी पौर्णिमा. सगळं गाव किनाऱ्यावर. कोळीवाड्यातले चार जण मॅनेजरकडे बघून म्हणाले, आता बरा हाय की हो. मी तिथल्या तिथे सगळी पद्धत समजावून सांगितली. एकाने विचारलं, वाळू कुठली वापरायची? त्या वेळी आम्ही वाळूतच उभे होतो. प्रश्न विचारायलाही अक्कल लागते.

वाचनालयाला पत्र दिलं आहे: ‘श्वानांचे सांधे आणि भाऊ पद्धत’. लेक्चर २४ तारखेला. हर्षदलाही बोलावलं. तरुण मुलगा आहे, शिकेल.

२४ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी ७.३०
लेक्चर झालं.

श्रोते अकरा, मॅनेजर धरून. मी पाऊण तास बोललो. सप्लिमेंट कधी सुरू करावं या प्रश्नावर म्हणालो की मुळात सुरूच करू नये. मग मॅनेजरला टेबलावर उडी मारायला सांगितलं. मारली. टाळ्या पडल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी एवढ्या टाळ्या पडल्या.

मग हर्षद उठला. चांगल्या मनाने उठला, हे मी मान्य करतो. म्हणाला, काकांचं कौतुक आहेच, पण खरं श्रेय काकूंचं. दहा मेला येऊन पहिला डबा घेतला, आजवर एक दिवस गोळी चुकवली नाही. भाकरीच्या तुकड्यातून देतात. भात निम्मा केला, बिस्किटं वरच्या फळीवर. याच महिन्यात पाचवा डबा नेला. घरोघरी असं झालं तर माझ्याकडे लंगडी कुत्री येणारच नाहीत.

सगळे वळून गोदूकडे बघायला लागले. ती मागे पोह्यांच्या बशा भरत होती. म्हणाली, बरं, आता पोहे घ्या, गार होतायत.

काळूराम म्हणाला, भाऊ, पन वाळूचा भी थोडाफार व्हय ना? त्याला मी अडाणी म्हटलं होतं. चांगला माणूस आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार
गोदूशी बोलायचं नाही असं ठरवलं. सकाळी ७ ते ७.१०.

मग स्वयंपाकघरात जाऊन डबे फिरवून बघितले. मोहरी, जिरं, ओवा, मेथ्या. चारही डब्यांवर मागच्या बाजूला उडी मारणाऱ्या कुत्र्याचं चित्र. जूनपासून मी कुत्र्याच्या डब्यातल्या मोहरीची फोडणी खातोय. तिला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही तारीख ठरवत होतात. तोवर त्याला दुखत होतं.

बाहेर आलो. मॅनेजर झोपाळ्याशी बसला होता. त्याच्याशी मात्र जरा वेळ बोललो.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी. दुपारी २
अनीश आणि आश्लेषा सकाळी आले. गाडीचा आवाज ऐकून मॅनेजर रॅम्पला न शिवता ओट्यावरून थेट अंगणात आणि परत थेट ओट्यावर. अनीश बघतच राहिला. म्हणाला, हा कुठे जात नाही, इथेच राहू दे. मी आत जाऊन गणपतीच्या मखराचा दिवा सारखा केला. तो आधीच सारखा होता. डोळे पुसायला जागा हवी होती.

आरतीनंतर पाटावरून उठायची वेळ आली. मी हप्त्याहप्त्याने उठलो. आधी पुढचा भाग, मग थोडा विचार. मॅनेजर शेजारी येऊन उभा राहिला, त्याच्या पाठीला धरून मागचा भाग उठवला. हे सगळ्यांनी पाहिलं. अनीश म्हणाला, बाबा, तुमच्या गुडघ्यांचं काय? मी म्हटलं, योग्य वेळी सुरू करू. अनंत चतुर्दशी झाली की मी स्वतः तारीख ठरवतो.

गोदू ‘बरं’ म्हणाली.

जेवणानंतर सहज नाचणीच्या डब्यामागे हात घातला. तिथे एक पांढरा डबा. यावर कुत्रा नाही, एक म्हातारा चालतोय. गुडघ्यांसाठी पावडर, संत्रा स्वाद. झाकण उघडलं. तळाला दोन चमचे उरले होते.

मस्टर: मॅनेजर, हजर, ६.००. भाऊ, हजर. कधीपासून ते गोदूला विचारावं लागेल.