गंगेचा गडू

मंगळवार, संध्याकाळ. कार्डिफ.

आज आईनं गंगेचा गडू फोडला. बाबांनी काशीहून आणलेला, झाकण डाग देऊन पक्कं बंद केलेला. तिला इकडे आणताना मीच तो कपड्यांत गुंडाळून आणला होता, तिच्या शेवटच्या घोटासाठी. शिफ्ट संपवून घरी आलो तर झाकण सुरीनं उचकटलेलं, आणि ती गडू तोंडाला लावून घटाघटा पितेय.

मी ओरडलो. का ओरडलो? तहान लागली असेल, तेवढंच.

इरा टेबलाशी शाळेचा ग्रीक प्रोजेक्ट करत होती. हेडीजच्या पाताळातल्या नद्या, निळ्या पेन्सिलीनं. तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "बाबा, ही लीथी. हिचा पाणी प्यायला की मेलेले लोक सगळं विसरतात." मग हळूच, "पण आजी तर मेली पण नाही. मग ती का विसरते?"

मी आईच्या हातून गडू काढून घेतला. डॉक्टर म्हणे मी.

गडू नळाखाली भरला, झाकण दाबून बसवलं, देवघरात परत ठेवला. कुणाला फसवतोय? वेळ येईल तेव्हा तिच्या तोंडात कार्डिफच्या नळाचं पाणी घालणार?

वळलो तर आई मागेच उभी. हात जोडून म्हणाली, "पाणी गोड होतं हो. तुम्ही कोणाचे?"