गुरुवारची हवा

अण्णा,

मागच्या वेळी तुम्हाला लिहिताना माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. गेल्या गुरुवारी सकाळी समुद्र खवळला होता, म्हणून मी मुंबईच्या आगबोटीवर चढले नाही, असं मी लिहिलं होतं. समुद्र खवळला हे खरं, पण सकाळी नव्हे. वारा फिरला तो दुपारची जेवणं झाल्यावर. आगबोट तोपर्यंत केव्हाच निघून गेली होती. पडाव माणसांना घेऊन आगबोटीपर्यंत गेला, रिकामा परत आला, आणि पडावात कुणाच्या पदराचा काठसुद्धा भिजला नाही. लिहिताना मला खरोखरच सकाळच्या लाटा आठवत होत्या. दुपारचा वारा आठवणीनं उचलून सकाळी आणून ठेवला. याला खोटं लिहिणं म्हणावं का, याचा विचार करत मी रविवारपर्यंत आले. ठरत नाही. तेव्हा निदान दुरुस्ती तरी करावी.

या दुरुस्तीला एरवी फारसं महत्त्व नव्हतं. पण मुंबईच्या एका मुलींच्या शाळेत मला लहान वर्गांना शिकवायची जागा मिळाली आहे, आणि शाळा उघडायच्या आत हजर झाले नाही तर ती दुसऱ्या कुणाला मिळेल. उतरत्या मोसमात आपल्या बंदरावरून मुंबईकडे आठवड्याला एकच आगबोट, ती गुरुवारची. या आठवड्यानंतर तीही बंद, ती पावसाळा सरेपर्यंत. खुश्कीची वाट म्हणजे खाड्यांवरच्या होड्या आणि बैलगाडीतले मुक्काम. एकट्या मुलीला आई त्या वाटेनं पाठवणार नाही आणि मीही जाणार नाही. म्हणजे आता एकच गुरुवार उरला आहे. मुंबईच्या धक्क्यावर मामा उतरवून घ्यायला येतील. गेल्या गुरुवारीही ते आले होते आणि एकटेच घरी परत गेले.

बंदरावरची तुमची तिकिटांची खोपी अजून आहे, पण तिची खिडकी बंद असते. नवा माणूस बाहेर माडाच्या झापांच्या सावलीत टेबल मांडून बसतो. मी तिकडून जाते तेव्हा त्या बंद फळीकडे पाहते. तिच्या आत, पत्र्याच्या पेटीवर बसून, मी वाचायला शिकले. समोर भाड्याची फळी टांगलेली असे, तिच्यावर बंदरांची नावं. इतर मुली ग म भ न पासून सुरुवात करतात. तुम्ही मला पहिलाच शब्द श्रीवर्धन दिलात. हा आला की पुढचं सगळं सोपं, म्हणालात. मी तो पाटीवर गिरवते आहे, तुम्ही तिकिटं फाडता आहात, आणि खिडकीतून एकामागून एक चेहरे आत डोकावताहेत. बहुतेकांना तिकीट नंतर हवं असे. आधी ते विचारत, "अण्णा, आठवडा कसा आहे?"

तुम्ही पहाटे किनाऱ्यावर जाऊन दंडाला पाणी लावून उभे राहायचात. ओल्या दंडावर मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा पहाटेचा वारा, नेमका कुठून लागतो, किती वेळ टिकतो, ते पाहायचात. ओहोटीला बंदरासमोरच्या खडकावर लाटांचं पांढरं फुटतं का, ते मला पाहायला सांगायचात, कारण माझे डोळे तुमच्याहून चांगले. पूर्वेचे डोंगर रोजच्यापेक्षा जवळ आणि निळे दिसले तर पाऊस जवळ आला असं धरून तुम्ही वहाणा घालायचात. मग खिडकीत बसून आठवडा सांगायचात. "पाऊस पडणार नाही" असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत. "मला पाऊस दिसत नाही" असं म्हणायचात. पोरवयातही मला तो फरक फार आवडे.

म्हणूनच त्या दिवशी मला राहवलं नाही. एका व्यापाऱ्याला तुम्ही सांगितलंत, आजच निघा, समुद्र बरा आहे. थोड्या वेळानं दिवस भरत आलेल्या लेकीला घेऊन एक बाई आली, तिला म्हणालात, आज नको, पुढच्या फेरीला या, समुद्र बरा नाही. मी पेटीवरून मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, मघाशी तुम्ही दुसरंच सांगितलंत." बाई गोंधळली. तुम्ही तिला पुन्हा शांतपणे तेच सांगितलंत. घरी येऊन पाय धुताना म्हणालात, "खिडकीच्या आत बसणाऱ्यानं बाहेरच्यासमोर असं बोलू नये." मी रडवेली झाले, तरी विचारलं की मग खरं कुठलं. तुम्ही म्हणालात, "दोन्ही. वारा सगळ्यांना सारखाच लागतो, पण सगळ्यांच्या पोटात सारखंच ढवळत नाही. कोण विचारतंय ते आधी बघावं, मग आभाळ बघावं." त्या रात्री आईनं मला तुमच्या ताटातला भात भरवला, हे मला आठवतं. तुम्ही रागावलेले नव्हतात, एवढं मला त्यावरून समजलं.

तुम्ही गेल्यावर लोक कुणाला विचारायचं म्हणून आपल्या मागच्या दाराशी यायला लागले. मला वाटलं होतं, चार दिवस येतील. अजून येतात. मी किनाऱ्यावर जाते, दंड ओला करते, खडक पाहते आणि मला दिसतं तेवढं सांगते. सांगून झालं की ते आपापल्या कामाला जातात. कुणी बसत नाही. बसावं असं मीही कुणाला म्हणत नाही. हवेपलीकडे माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसावं, आणि मलाही त्यांच्याशी सुचत नाही. संध्याकाळी दिवा लावला की घरात आई आणि मी, आणि वाडीतल्या पोफळींची सळसळ. कधी कधी दिवसभरात मी हवेशिवाय काहीच बोललेले नसते.

गेल्या गुरुवारी ट्रंक ओटीवर आणून ठेवली होती. आईनं वाटेसाठी दशम्या बांधल्या होत्या. पहाटे मी किनाऱ्यावर गेले. मतलई नेहमीपेक्षा लवकर पडल्यासारखी वाटली. घरी येऊन म्हटलं, "आई, समुद्र काही बरा दिसत नाही." आईनं माझ्याकडे पाहिलं, ट्रंक आत ओढली, आणि कुणाला काही विचारलं नाही. त्या दशम्या दुपारी आम्ही दोघींनी ताटात घेतल्या. प्रवासात खायचं अन्न घरात बसून खाताना घास तोंडात फिरत राहिला. ताटं उचलल्यावर वारा फिरला, झापा वाजायला लागल्या, आणि मला केवढं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पडावाचे तांडेलचाचा वाटेत भेटले. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "बाय, काल दर्या तेलासारखा व्हता. तुमचे बापूस असा दिवस नव्या नवरीला देत."

आज सकाळी सुकट विकणारी कोळीण मागच्या दाराशी टोपली उतरवून बसली. तिला मी लहानपणापासून मावशी म्हणते. आई पडवीत कोकमं फोडत होती. मावशीनं नेहमीसारखं विचारलं, "गो पोरी, आठवडा कसा हाय? सुकट घालू का नको?"

"घाल," मी म्हटलं. "गुरुवारपर्यंत ऊन कडक दिसतंय. शुक्रवारी आवरून ठेव."

"मागच्या बुधवारी पन तू घाल म्हनलीस. गुरवारी माजी सुकट कशी वाजत व्हती वालून. नि तुज्या आयशीला बोललीस का दर्या बरा न्हाय."

"ऊन वेगळं आणि समुद्र वेगळा, मावशी."

"व्हय गो. मला ऊन नि आयशीला वारा. येका आभालाची दोन आभालं केलीस." ती हसत हसत उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाली, "बापसाचीच पोर."

ती गेल्यावर आई कोकमं फोडतच राहिली. तिची बोटं कोकमानं लाल झाली होती. बिया काढता काढता, वर न बघता ती म्हणाली, "तुझे अण्णा खोटी हवा सांगताना चष्मा पुसायचे."

"अण्णा खोटी कुठे सांगायचे?"

"सगळ्यांना नाही. वन्संना सांगितली होती." मग हातातलं कोकम खाली ठेवून म्हणाली, "मी एकटी राहीन की नाही, ते माझं मी बघीन. तू मला हवा मात्र खरी सांग."

अण्णा, आत्या अलिबागेहून मला न्यायला आली होती तो दिवस मी विसरले नव्हते. आईही विसरली नसेल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. इथली शाळा संपत आली होती, आणि आत्या म्हणत होती की पोर हुशार आहे, माझ्याकडे राहील, पुढं शिकेल. माझे कपडे बांधून झाले होते. ती खिडकीशी आली आणि थट्टेनं इतरांसारखीच म्हणाली, "काय हो कारकूनसाहेब, आठवडा कसा?" तुम्ही चष्मा काढलात, धोतराच्या सोग्यानं पुसलात, पुन्हा घातलात. म्हणालात, "या आठवड्यात समुद्र बरा नाही. तू पुढं हो, पोरीला नंतर पाठवतो." आत्या एकटी गेली. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. पुढच्या आगबोटीनं तुम्ही माझ्यासाठी मुंबईहून नकाशांचं पुस्तक मागवलंत. ते मी ट्रंकेत सगळ्यात खाली ठेवलं आहे.

आता या आठवड्याची हवा, मला दिसते तशी. उद्या आणि परवा मतलई ऊन वर येईपर्यंत टिकेल, मग वारा पडेल आणि जीव नकोसा करणारा उकाडा होईल. दुपारनंतर वायव्येची झुळूक. बुधवारी डोंगरांवर ढग जमतील, लांबवर गडगडेल, इथं मला थेंब दिसत नाही. अमावास्या जवळ आली आहे, त्यामुळे भरती मोठी. गुरुवारी वारा दक्षिणेला वळलेला असेल. खडकावर पांढरं दिसेल. पडाव हलेल, बायकांची लुगडी गुडघ्यापर्यंत भिजतील, काहींना ओकाऱ्या होतील. आगबोट येईल आणि जाईल. शुक्रवारपासून आभाळ भरून येईल, मग मला पुढचं सांगता येत नाही.

म्हणजे गेल्या गुरुवारी समुद्र तेलासारखा होता आणि मी गेले नाही, आणि या गुरुवारी तो तसा असणार नाही. एखादी म्हातारी विचारायला आली तर मी तिला थांब म्हणेन. धडधाकट माणसाला म्हणेन, जा, काही होत नाही. मला काय सांगावं, हे मला कळत नाही. मी खिडकीच्या आत बसूनच वाढले. बाहेर उभं राहून, वाकून, तुम्हाला आठवडा विचारण्याची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. कोण विचारतंय ते आधी बघावं, असं तुम्ही म्हणायचात. माझ्याकडे बघून तुम्ही काय म्हणाला असतात, ते मी दिवसभर ऐकू येतंय का बघते आहे. दर वेळी तुम्ही चष्मा पुसायला घेताना दिसता.

ऊन उतरलं आहे. आई पडवीतली आमसुलं आत आणते आहे. पाठवायचं कुठे ते ठाऊक नसल्यामुळे या पत्रावर पत्ता लिहीत नाही. एक गोष्ट मात्र राहिली. आत्या गेली त्या सकाळी मी खडक पाहिला होता. ओहोटी होती, आणि त्याच्यावर पांढऱ्याचा ठिपका नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं, अण्णा. मी पेटीवरून काही बोलले नाही, ते तुमच्या धाकानं नव्हे. मलाही जायचं नव्हतं.

आईला हवा आत्ता जाऊन सांगते, आहे तशी. मी गुरुवारी निघते.