सपाट मैदान

ताई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. माझ्या संघासाठी कॉलेजने नवं मैदान केलं, हे तू गल्लीभर सांगत सुटली आहेस. तुझ्या आनंदावर विरजण घालवत नाही. पण मला भीती वाटते गं.

इतकी वर्षं आमचं फुटबॉलचं मैदान कसं होतं, तू पाहिलंयस. अर्ध्यात प्राध्यापकांच्या गाड्या, उरलेलं भिंतीकडे उतरतं, आणि चेंडू तू शिवून दिलेले. गाड्यांच्या काचा फुटू नयेत म्हणून मी मुलींना चेंडू जमिनीलगत, जवळच्या जवळ द्यायला शिकवलं. त्याच खेळाने आम्ही मोठमोठ्या कॉलेजांना पाणी पाजलं. लोक म्हणाले, काय सरांचं डोकं! डोकं कसलं, मी काचांना घाबरत होतो.

काल नव्या मैदानावर पहिला सराव झाला. मुली सवयीने एका कोपऱ्यात गोळा होऊन खेळायला लागल्या. "अगं, पसरा!" मी ओरडलो. त्या पसरल्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. पुढे काय सांगायचं, मला सुचेना.

प्रिन्सिपल खूश. "सर, आता कप आपलाच!"

निघताना कॅप्टन म्हणाली, "सर, हरलो की तुम्ही मैदानाला शिव्या द्यायचात. आता कुणाला देणार?"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसलो. शिट्टी खिशात टाकायला गेलो, तर मला माझा खिसा सापडेना.

तुझा,
धाकटा