रक्ताच्या नात्यात कुणाला?

६ मार्च, गुरुवार

वहिनींना नमस्कार.

पत्राची सुरुवात समोरच्याच्या तब्येतीच्या चौकशीने करावी, असं आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी हातावर पट्टी मारून शिकवलं होतं. तेव्हा, गुडघे कसे आहेत? डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं कानावर आलं. कुणाकडून ते पुढे सांगते.

चार वर्षांत मी तुम्हाला अकरा वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत. बाराव्यांदा केला नाही, कारण मलाही थोडी लाज आहे, तुम्हाला वाटते तेवढी कमी नाही. पत्राचं बरं असतं. फाडायला का होईना, ते हातात घ्यावंच लागतं.

मागच्या महिन्यात मी इस्पितळात तपासणीला गेले होते. कसली तपासणी, तेही पुढे येईल. तिथे आता खिडकीवर माणूस नाही. एक यंत्र आहे, ते चिठ्ठी देतं, आणि चिठ्ठीवरचा आकडा भिंतीवर झळकेपर्यंत आपण त्या गार लोखंडी बाकावर बसून राहायचं. शेजारच्या बाईचा आकडा माझ्यानंतरचा, आणि ती माझ्या आधी आत. मी उठून जाब विचारला. उत्तर काय, तर "आजी, सिस्टिम तसं दाखवतेय." पस्तीस वर्षं मी विमा कंपनीत टेबल सांभाळलं, पण चुकीचं खापर कधी कपाटावर फोडलं नाही.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. माझ्या भाचीच्या वयाची, म्हणजे भाची असती तर. माझं रक्त तिने आधीच एका संशोधनासाठी मागून घेतलं होतं, आता त्याचा कागद समोर ठेवून समजावत होती. कोविड ज्यांना जोरात झाला आणि ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्याही चोंदलेल्या आहेत, अशांच्या जनुकांमध्ये काही समान दिसतं का, हे तिला बघायचं आहे.

मी म्हटलं, "बाई, तो विषाणू बाहेरून आला होता. आमच्या आजोबांनी माळ्यावर ठेवलेला नव्हता."

ती हसली नाही. "विषाणू बाहेरूनच येतो, आजी. पण एकाला नुसती सर्दी होते आणि दुसऱ्याच्या रक्तात गुठळ्या होतात. त्याची कारणं पुष्कळ आहेत. वय, साखर, वजन. थोडा वाटा घराण्याचाही असतो. कोविड जड जायला ज्या जनुकांचा हात असतो, त्यांतली काही रक्तवाहिन्यांच्या आजारातही सापडतात."

"म्हणजे कपाळावर लिहिलेलंच."

"लिहिलेलं नाही. नुसता कल असतो. पण कल कुठे आहे हे कळलं, तर आपण तिथे आधी बघतो."

"आणि आजी म्हणायचं नाही. मला नातवंडं नाहीत."

"बरं, मॅडम. भावंडं?"

"एक भाऊ होता."

तिने पेन खाली ठेवलं. मला तिथून उठावंसं वाटलं.

आता गोट्याविषयी. तुमचा मुलगा सदतीस वर्षांचा बाप्या झाला तरी माझ्या तोंडी गोट्याच राहणार. तो मला दर रविवारी फोन करतो, वहिनी. तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्याने सांगितलं नाही. त्याला रागवू नका. तुमच्या डोळ्याचं त्यानेच सांगितलं. गेल्या दोन रविवारी तो सांगतोय की ऑफिसचा तिसरा मजला चढताना मध्ये थांबावं लागतं. "वजन वाढलंय, आत्या. लिफ्ट बंद आहे म्हणून कळलं तरी." त्याला दोनदा कोविड होऊन गेला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाऊन आला. त्याने विचारलं, घरात कुणाला हृदयाचा त्रास? हा म्हणाला, नाही. डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या दिल्या.

मी त्याला म्हटलं, नीट तपासून घे. तर म्हणतो, "आत्या, आपल्या घरात कुणालाच नाहीये तसलं काही. तूच तर सांगितलं होतंस."

इथे थांबते. हात दुखतोय. खरं म्हणजे हात दुखत नाहीये.

७ मार्च

काल लिहिलेलं वाचून काढलं. त्यात इस्पितळाच्या बाकाचं वर्णन आहे आणि माझ्या चुकीचा उल्लेख नाही. जित्याची खोड. सिस्टर म्हणायच्या, चूक झाली तर कारणं नंतर, चूक आधी. तर आधी चूक.

तेरा वर्षांपूर्वी मी शाळेच्या मैत्रिणींबरोबर समुद्रकाठी आठ दिवस सहलीला गेले होते, आठवतं? तुमच्यासाठी मोरपंखी शाल आणली होती. ती शाल इस्पितळाच्या खालच्या दुकानातली. मी कुठल्याही समुद्राकाठी गेले नव्हते. माझ्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद झाल्या होत्या, त्यांत स्टेंट घातले. सगळ्या मैत्रिणींपैकी एकीलाच ठाऊक होतं, आणि ती आता नाही.

का लपवलं? दादाच्या हातातली सिगरेट कुणी काढून घेतली? मी. त्याच्या ताटातलं तळलेलं कुणी उचललं? मीच, तेही तुमच्यासमोर, म्हणजे तुम्हालाही लागावं म्हणून. तो म्हणायचा, "हिला देवानेसुद्धा परवानगी विचारून जन्माला घातलं." रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या, तेलाचा थेंब मोजणाऱ्या बाईच्या वाहिन्या बंद आणि त्याच्या ठणठणीत, हे त्याला कळलं असतं तर जन्मभर हसला असता. तेवढं हसू मला सोसवलं नसतं. बस, एवढंच कारण आहे. मोठं कारण असतं तर बरं वाटलं असतं.

त्या वेळच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, तुमचे वडील एक्कावन्नाव्या वर्षी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, आता तुम्हाला हे निघालं, तर भावाला तपासायला सांगा. मी मान हलवली. बाबांविषयी आम्ही दोघं नेहमी "दमले होते" एवढंच म्हणत आलो, तेच चालू ठेवलं.

माझ्या टेबलाचं काम काय होतं, तुम्हाला माहीत आहे. लोकांनी भरलेले फॉर्म तपासायचे आणि आजार कुणी दडवला ते शोधायचं. "रक्ताच्या नात्यात कुणाला हृदयविकार?" या रकान्यापुढचं "नाही" मी नुसत्या अक्षरावरून ओळखायचे. खोटं "नाही" लोक जरा मोठं काढतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

आता दादाचं.

चार वर्षांपूर्वी, कोविडमध्ये, तुम्ही तापाने दुसऱ्या वॉर्डात होतात. दादाला आत घेतलं, आणि नर्सने फोनवर फॉर्म भरायला घेतला. गोट्या तेव्हा त्याच्या नोकरीच्या गावी अडकलेला, त्यालाही त्याच फोनवर जोडून घेतलं होतं. ती घाईत होती, मागे कुणीतरी खोकत होतं. साखर? नाही. रक्तदाब? आहे. मग, रक्ताच्या नात्यात कुणाला हृदयविकार, ब्लॉकेज, तरुणपणी अचानक मृत्यू? गोट्या म्हणाला, "आत्या, तू सांग. तुला जास्त माहीत."

मी म्हटलं, "नाही."

मुलगा ऐकत होता, वहिनी. त्याच्यासमोर सगळं उलगडावं लागलं असतं, म्हणून. नर्सने पुढचा प्रश्न विचारला. नंतर परत फोन करून सांगू, असं मी स्वतःला म्हटलं. दादा बारा दिवस इस्पितळात होता. बाराही दिवस मी हेच म्हणत राहिले. मग तो बरा होऊन घरी आला, आणि मला वाटलं, सुटले.

घरी आल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तो गच्चीच्या जिन्यात कोसळला. ओल्या चादरींची बादली घेऊन. तुम्हाला उभंही राहवत नव्हतं म्हणून आपणहून घेऊन गेला होता. आणि तो गेल्याच्या चौथ्या दिवशी, घर माणसांनी भरलेलं असताना, मी तुम्हाला म्हटलं, "आजारातून उठलेल्या माणसाला जिने चढायला लावलेत. तुम्ही मारलंत त्याला." तुम्ही उठून आत गेलात. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

मी परवा परत जाऊन त्या डॉक्टरणीला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, तेव्हा मी "आहे" म्हटलं असतं तर माझा भाऊ वाचला असता का? उत्तर गोड करून देऊ नको, असंही म्हटलं. तिने माझा कागद परत एकदा वाचला. मग म्हणाली, "सांगता येणार नाही. तेव्हा आम्हालाही सगळं कळत नव्हतं. पण घरी पाठवताना त्यांचं हृदय परत तपासायला बोलावलं असतं. आणि जिने चढू नका, वजन उचलू नका, हे नक्की सांगितलं असतं."

जिने तुम्ही चढायला लावले नाहीत, वहिनी. चढू नकोस असं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि ते माझ्यामुळे.

माझ्या रक्तात एक चरबी जास्त निघाली आहे. ती खाण्यापिण्यावर नाही, आईबापांकडून काय आलं त्यावर ठरते. दादाच्या रक्तात होती का, ते आता कळायचं नाही. गोट्याच्या रक्तात आहे का, ते एका तपासणीत कळेल. नसलीही कदाचित. असली तरी औषधं आहेत, वेळेवर कळलं तर माणसं सत्तरी ओलांडतात. मी ओलांडलीच आहे. त्याची येत्या बुधवारी, १२ तारखेला, सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे. डॉक्टरणीचं नाव, नंबर वेगळ्या कागदावर आहे. त्यासोबत माझा तेरा वर्षांपूर्वीचा डिस्चार्जचा कागद आणि परवाचा अहवाल. ते तिला दाखवा. काल फोनवर मी त्याला सांगायला गेले आणि हवापाण्यावर बोलून ठेवून दिला. तुम्ही घेऊन गेलात तर तो निमूट जाईल. मधल्या दिवसांत त्याला जिने चढू देऊ नका, आणि छातीत दुखलं तर बुधवारची वाट बघू नका.

त्या दिवशी मी चार भिंतींत बोलले नव्हते. खोलीत आपल्या दोघींशिवाय नऊ माणसं होती. म्हणून या पत्राच्या नऊ नकला काढणार आहे, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पहिलं पान वाचेलसुद्धा. सगळ्या पाकिटांवर पत्ते घातलेत. तुमचं आणि ती नऊ आजच, स्पीड पोस्टाने, एकदमच टाकणार आहे. तुम्ही हे फाडलंत, तरी गोट्याला कुणी ना कुणी विचारेलच की तुझ्या आत्याला काय झालं होतं.

बुधवारी मी तिथे येणार नाही. मला बघून तुम्ही माघारी फिरलात तर काय घ्या.

माफी मागत नाही. मागितली की तुम्हाला उत्तर द्यावं लागेल, आणि आत्ता तुम्हाला दुसरं काम आहे. आधी त्याला घेऊन जा.

दादाची बहीण